शब्दचर्चा : कॅमेरा 'सरकतो', 'झूम होतो' की 'पाठलाग करतो'?

प्रश्न : थरारक प्रसंगाबद्दल लिहिताना माझं घोडं 'कॅमेरा झूम होतो' इथंच अडतं. ट्रॉली (चाकांच्या गाडीवरून सरकणारा कॅमेरा) आणि झूम, दोन्हींना 'कॅमेरा जवळ येतो' म्हटलं तर चालेल का? आणि ट्रॅकिंग शॉटला, म्हणजे कॅमेरा पात्राबरोबर चालत राहतो त्या शॉटला, 'पाठलाग' म्हणावं का?

उत्तर : नको. सगळा ताण त्या फरकातच तर असतो. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही. भिंगाचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) बदलतं आणि माणूस व त्याच्या मागची भिंत सारख्याच प्रमाणात मोठी होतात. ट्रॉलीवर कॅमेरा खरंच अंतर कापतो, त्यामुळे माणूस भराभर मोठा होतो आणि भिंत जवळपास तेवढीच राहते. म्हणून ट्रॉलीला 'सरकणे' हे क्रियापद द्यावं. संथ झूमसाठी मी 'नजर रोखणे' लिहितो.

'जॉज' या चित्रपटात (१९७५) हे दोन्ही एकत्र आहे. किनाऱ्यावर बसलेल्या ब्रोडी या पोलीसप्रमुखाला शार्कचा हल्ला दिसतो, त्या क्षणी कॅमेरा त्याच्याकडे सरकतो आणि झूम मात्र उलटा, बाहेर जातो. चेहरा फारसा बदलत नाही, पण मागचा किनारा लांब पळतो. माणूस बसल्या जागी आणि पायाखालची वाळू सरकलेली! हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) हीच युक्ती जिन्यासाठी वापरली होती. तिथे जिन्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून चित्रण केलं होतं. याला 'डॉली झूम'च (डॉली म्हणजे ट्रॉलीच) म्हणावं, ओढूनताणून मराठी प्रतिशब्द करू नये.

'पाठलाग' मात्र अजिबात नको, कारण पाठलाग म्हटला की करणारा कुणीतरी लागतो. 'द शायनिंग'मध्ये (१९८०) लहानगा डॅनी हॉटेलच्या बोळांतून तीनचाकी चालवतो, तेव्हा स्टेडीकॅम (चालतानाही हादरे न बसू देणारा कॅमेरा) जमिनीलगत त्याच्या मागोमाग जातो. लाकडी जमिनीवर चाकं घरघरतात, गालिच्यावर आवाज एकदम दबतो. त्या मुलामागे कुणीच नाही आणि तरी आपण प्रत्येक वळणाला श्वास रोखतो. 'मागोमाग'मध्ये ही अनिश्चितता शिल्लक राहते. 'पाठलाग' लिहिलंत की ती संपली.

आणखी एक उत्तर : पूर्ण सहमत. डच अँगलबद्दलही सांगतो. त्याला सर्रास 'तिरका शॉट' म्हणतात, पण बाजूने घेतलेला कुठलाही शॉट तिरकाच. 'द थर्ड मॅन'मधलं (१९४९) व्हिएन्ना आठवा, तिथं अख्खी चौकटच एका बाजूला झुकलेली असते. 'कललेली चौकट' म्हटलं की चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं.

प्रश्नकर्ती : 'कललेली' घेतेच. न तोडलेल्या मोठ्या शॉटला 'लांबलेला' म्हणू का?

उत्तर : 'लांबलेला' ही तक्रार वाटते, भाषण लांबलं तसं. 'सलग' म्हणा. 'टच ऑफ ईव्हिल'चा (१९५८) सुरुवातीचा शॉट तीन मिनिटांहून जास्त सलग चालतो. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवलेला आपण पाहिलेला असतो, गाडी गर्दीतून वाट काढत राहते आणि कॅमेरा एकदाही कट घेऊन आपली सुटका करत नाही. पहिला कट येतो तो थेट स्फोटाबरोबर. तसंच 'तणाव'ऐवजी शक्यतो 'ताण' लिहा. 'तणाव' वाचला की दंगल नाहीतर सीमेवरची बातमी आठवते.