पाच वर्षांच्या पोराला क्रिकेट अकॅडमीत घालायचं का?

तिरका_फटका
सीनियर केजी संपलं की हल्ली आमच्याकडे पुण्यात कर्वेनगरात पोरांच्या पाठीवर दोन बॅगा चढतात. एक शाळेची, दुसरी क्रिकेटची, आणि ही दुसरी पोराच्या खांद्याला लागते. मला हे पटत नाही म्हणून धागा काढतोय. माझं मत: आठ वर्षांचं होईपर्यंत मूल अकॅडमीत घालू नये. क्रिकेट शिकवू नये असं म्हणत नाहीये, नीट वाचा.

संध्याकाळी कुठल्याही नेटमागे थोडा वेळ उभं राहून बघा. दहा-बारा चिमुरडी रांगेत. पॅड मांडीपर्यंत आलेलं, वेल्क्रोचा पट्टा सुटून मागे लोंबतोय, हेल्मेट डोळ्यांवर घसरतंय. नंबर आला की सहा बॉल, त्यातले चार मागच्या जाळीत, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी. मधल्या वेळात पोरगं बॅटच्या टोकाने माती उकरतं नाहीतर मॅटचा सुटलेला काथ्या ओढत बसतं. जाळीबाहेरून बाप ओरडतोय, "पाय पुढे, पाय पुढे!" कशासाठी? बॉल कुठे टप्पा खाणार हेच त्याला अजून दिसत नाही, पाय कुठे टाकणार?

मोठ्यांचा लेदर बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, तेरा वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ चा. पाच वर्षांच्या बोटांना तो हलका बॉलसुद्धा दगडच. एकदा नडगीवर बसला की पोरगं पुढच्या प्रत्येक बॉलला लेगला, म्हणजे बॉलपासून लांब बाजूला, पळणार, आणि ही सवय काढता काढता कोचचे केस पिकतात. त्यापेक्षा जुन्या मोज्यात टेनिस बॉल घाला आणि दाराच्या चौकटीला टांगा. मारू दे हवं तितकं. मग कागदी कपावर ठेवलेला बॉल, मग सरपटी, मग खालून हाताने एक टप्पा. ते जमलं की सोसायटीत खाली कच्चा लिंबू म्हणून सोडून द्या. बाकीचं मोठी पोरं शिकवतात.

पौडफाट्याची_आई
"खाली सोडून द्या" वाचून हसू आलं. खाली म्हणजे नक्की कुठे हो? आमच्या खाली दोन ओळी चारचाकी, एक ओळ दुचाकी, आणि भिंतीवर पाटी: "येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे. बॉल जप्त केला जाईल." जप्त झालेले बॉल वॉचमनच्या केबिनमध्ये बादलीत आहेत. ज्या शहरात महाराष्ट्राचे फलंदाज भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पूना क्लबच्या मैदानावर नाबाद ४४३ केले, तिथे आज पोराला हात फिरवून बॉल टाकायला मोकळी जागा नाही. अकॅडमीची फी मी कव्हर ड्राइव्हसाठी भरत नाही. तासभर मोकळं मैदान मिळतं त्याचं ते भाडं आहे असं समजा.

आणि कच्चा लिंबूचं कौतुक मला सांगू नका. माझी मुलगी सहा वर्षांची. मोठी पोरं तिला गाड्यांखालून बॉल काढायला ठेवतात. गटारात गेला की हीच, झाडात अडकला की चप्पल फेकायला हीच. बॅटिंग यायच्या आत अंधार पडतो. रांगेत उभं राहून का होईना, नेटमध्ये तिला तिचे सहा बॉल मिळतात. मोजून.

पेठी_ऑफस्पिनर
तिरका_फटका यांच्याशी सहमत. टेनिस बॉलवर वाढलेला माणूस वाया जात नाही. आपला केदार जाधव बघा, टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवून आलेला. १५ जानेवारी २०१७, गहुंजेच्या स्टेडियमवर वनडे, इंग्लंडचे ३५०, आपले ६३ ला ४. तिथून पठ्ठ्याने ७६ चेंडूंत १२० काढले. ते फटके काय पुस्तकातले होते? आणि ती वाकून आडव्या हाताने टाकायची बोलिंग! कुठल्याही अकॅडमीने पहिल्याच दिवशी "हात वर घे" म्हणून ती मोडीत काढली असती.

थेरगाव_एक्सप्रेस
एक जाधव दाखवून अख्खी गल्ली पास करायची? मग आमचा ऋतुराज गायकवाड घ्या. थेरगावच्या वेंगसरकर अकॅडमीतून घडलाय. डोकं स्थिर, कोपर वर, बघत राहावं असा ड्राइव्ह. हे पार्किंगमध्ये येत नाही, कारण पार्किंगमध्ये सरळ मारलं की काच फुटते आणि उचलून मारलं की आउट. पोरं मग सगळं लेगला ओढायला शिकतात.

तिरका_फटका
थेरगावला गेला तेव्हा ऋतुराज सीनियर केजीत नव्हता राव. माझा मुद्दा वयाचा आहे, अकॅडमीचा नाही. कोपर वर घ्यायला आधी कोपर बॅटच्या वजनाला पुरलं पाहिजे.

नेटवाला_काका
मी लहान मुलांना शिकवतो (अकॅडमीचं नाव सांगणार नाही, जाहिरात म्हणाल). तुम्ही दोघं जागेवरून भांडताय, पण खरी गडबड सामानात आहे.

पालक बॅट घेतात ती वाढत्या अंगाची, शर्ट घेतल्यासारखी. "पुढच्या वर्षी पण चालेल." पाच वर्षांच्याला एक नंबरची बॅट बास होते, अगदी लहान चणीचा असेल तर झीरो. त्याच्या शेजारी उभी धरा, दांड्याचं टोक कमरेच्या हाडापर्यंत आलं पाहिजे, छातीपर्यंत नाही. जड बॅट दिली की वरचा हात थकतो, मग सगळा जोर खालच्या हाताचा, आणि बॅट आडवी फिरते. थेरगाव_एक्सप्रेस म्हणतात ती लेगला ओढायची खोड पार्किंगमुळे कमी आणि वडिलांनी हौसेने घेतलेल्या पाच नंबरमुळे जास्त लागते. इंग्लिश विलोच्या महागड्या लाकडाची तर या वयात काहीच गरज नाही. प्लास्टिकची चालते, काश्मीर विलो म्हणजे डोक्यावरून पाणी.

दुसरं, पिचची लांबी. २२ यार्ड म्हणजे २० मीटरच्या वर. एवढ्या लांबून टाकायचं म्हणजे पोरगं अख्खं अंग भिरकावतं, तरी बॉल तीन टप्पे घेत पोचतो. मी निम्म्या अंतरावरून टाकायला लावतो, आणि रनअप नाही. "फास्ट टाक" म्हणणाऱ्या बापाला सरळ मैदानाबाहेर बसवतो. वाढत्या वयात वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला चीर जाते, ही काही गंमत नाही. इंग्लंडच्या बोर्डाने तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका दमात ५ आणि दिवसभरात १० ओव्हर एवढीच मुभा ठेवली आहे. आपल्याकडे दहा वर्षांचं पोरगं सकाळी मॅच खेळतं आणि संध्याकाळी नेटमध्ये पुन्हा टाकतं. विचारलं तर म्हणतात, भुक आहे त्याला.

पौडफाट्याच्या ताई, अकॅडमी बघायला जाल तेव्हा मैदान, ट्रॉफ्या, भिंतीवरचे फोटो काही बघू नका. रांग बघा. एका नेटमागे दहा जण उभे दिसले तर परत या. जिथे जोड्या पाडून एकमेकांना खालून बॉल टाकायला लावतात, तिथे घाला. सहा बॉल मोजून मिळतात म्हणालात ना? जोडीत साठ मिळतात.

सपे_माजी
क्रिकेटच का पण? पाच वर्षांच्या मुलाला टिळक तलावावर पोहायला घाला, महाराष्ट्रीय मंडळात मल्लखांबाला घाला. अंग तयार झालं की बॅट कधीही धरता येते. आणि फेकायला नि झेलायला शिकवायचं असेल तर लगोरीसारखा खेळ नाही.

पेठी_ऑफस्पिनर
लगोरीला सात चपट्या फरश्या लागतात आणि त्या पुण्यात आता बिल्डरकडेच मिळतात. पण मुद्दा बरोबर आहे. नेमबाजी लगोरीतच येते.

नवी_बॅट
थोडं अवांतर. माझा मुलगा जेवतो उजव्या हाताने, पण बॅट डावखुऱ्यासारखी धरतो. सासरे दर वेळी सोडवून उलटी धरायला लावतात. काय करू?

नेटवाला_काका
सासऱ्यांना चहा द्या आणि पोराला खेळू द्या. गांगुली उजव्या हाताचा, भावाचं सामान वापरता यावं म्हणून डावखुरा खेळायला लागला. आपल्या सांगलीची स्मृती मानधनाही मूळची उजव्याच हाताची. डावखुरं खेळताना वरचा हात उजवा असतो, म्हणजे बळकट हात वर, हे उलट बरंच.

पौडफाट्याची_आई
काका, रांगेचं पटलं. या शनिवारी दोन-तीन ठिकाणी जाऊन बघते. पण अकॅडमी नकोच हे मला अजून मान्य नाही. तिरका_फटका, आठ वर्षांपर्यंत थांबायचं म्हणता, तोवर मुलांच्या बॅचमध्ये मुलगी म्हणून जायचा तिचा धीर राहील का? आत्ता तिला काही वाटत नाही. ढकलून पुढे जाते.

तिरका_फटका
मुलींचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, तिच्या बाबतीत वेगळा विचार करायला हरकत नाही. मुलांच्या बाबतीत मत तेच. आणि जागा नाही, जागा नाही म्हणताय, तर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा एक ओळ गाड्या रस्त्यावर लावायचा ठराव सोसायटीच्या वार्षिक सभेत का मांडत नाही? आमच्याकडे झालाय. काचांचा खर्च खेळणाऱ्यांच्या आईबापांनी वाटून घ्यायचा, एवढी एकच अट.

पौडफाट्याची_आई
मांडलाय. दर वर्षी पडतो. विरोधात मत देणारे निम्मे लोक आपापल्या पोरांना गाडीत घालून अकॅडमीत सोडायला जातात.