ऑपरेशन थिएटरबाहेर वेळ पुढे का सरकत नाही?

रातराणी: मागच्या महिन्यात बाबांची बायपास झाली. साडेआठला आत नेलं, दीडला बाहेर आणलं, म्हणजे पाच तास, पण मला दोन दिवस बसल्यासारखं वाटलं. समोर भिंतीवर घड्याळ, वाटायचं अर्धा तास झाला असेल आणि बघते तर काटा सातच मिनिटं पुढे. उलट आदल्या दिवशी रक्तदाते, मेडिक्लेमचे कागद, पैशांची जमवाजमव, यात रात्र कधी झाली कळलंच नाही. टेन्शन तर दोन्ही दिवशी तेवढंच होतं ना, मग असं का?

घाटवाट: ताई, आदल्या दिवशी डोकं कामात होतं, वेळेकडे बघायला फुरसत कुठे होती. थिएटरबाहेर हाताला काहीच काम नाही, सगळं लक्ष घड्याळावर, आणि जेवढं लक्ष द्याल तेवढा वेळ लांबतो. अपघाताचं मात्र वेगळं असतं. ताम्हिणीत माझी बाइक घसरली तेव्हा समोरच्या एसटीचं चाक, त्याला चिकटलेला लाल चिखल सगळं सावकाश दिसलं, मागून येणारा मित्र म्हणतो दोन सेकंदांत आडवा झालास. यावर डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 2007 चा प्रयोग आहे, लोकांना 31 मीटरवरून खाली जाळीत सोडलं. स्वतःचं पडणं त्यांना दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा साधारण 36 टक्के लांब वाटलं. पण मनगटावरच्या स्क्रीनवर भराभर बदलणारे आकडे दिले होते, खरंच सगळं स्लो दिसत असतं तर ते वाचता आले असते, ते काही आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी वेळ मंदावत नाही, भीतीत मेंदू बारीकसारीक सगळं टिपून ठेवतो आणि आठवताना ते लांबलचक वाटतं.

निळीशाई: मी आयसीयूत सिस्टर आहे. नातेवाईक म्हणतात "दोन तास झाले, कोणी काही सांगत नाही", आणि रजिस्टरला बघावं तर चाळीस मिनिटं झालेली असतात. पूर्वी मला राग यायचा, पण ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तेवढं वाटतं. आता मी बाहेर येऊन वेळ सांगूनच जाते, की अकरा वाजता परत येईन, आणि नवीन काही नसलं तरी अकराला जाते. माणसं बरीच शांत बसतात, कोणी तेवढ्यात चहा तरी पिऊन येतं.

रातराणी: सिस्टर, आम्हाला पाच तासांत एकदाच कोणीतरी "चालू आहे" एवढं सांगितलं होतं, तुम्ही करता तसं सगळीकडे व्हायला हवं. बाबा बरे आहेत, काल जिना चढले. गंमत म्हणजे त्यांना विचारलं तर म्हणतात, डोळे मिटले आणि उघडले, बस.