मदत हवी आहे: कुरवांचं 'भांडण' आणि माझी गोंधळलेली वही

ओहोटीवाला

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा, पाणी ओसरायला लागलं की एका खाडीच्या तोंडाशी जाऊन बसतो. सोबत ८ × ४२ ची दुर्बीण, घडीची खुर्ची आणि वही. नवीन पक्षी यादीत चढवायची घाई आता उरली नाही. तेच ते पक्षी, विशेषतः कुरव (म्हणजे सीगल), एकमेकांशी कसे वागतात हे बघायला जास्त आवडतं. पण परवा सगळी वही सलग वाचून काढली आणि घाम फुटला. निम्म्या नोंदींचा अर्थ माझा मलाच लागेना.

नमुने देतो, हसू नका.

जानेवारी: "पांढऱ्या डोक्याचे कुरव, डोळ्यामागे काळा ठिपका. स्वभावाने शांत."

मार्च: "तपकिरी डोक्याचे कुरव आले. भांडकुदळ. पांढऱ्या डोक्याचे बहुधा निघून गेले." (हे तेच पक्षी होते, विणीच्या हंगामातली गडद पिसांची टोपी घालून आलेले, हे नंतर कळलं. म्हणजे दोन महिने मी एकाच थव्याचे दोन थवे करून ठेवले होते.)

मार्च, दुसरं पान: "दोन टोपीवाले शेजारी उभे. अचानक दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवावी तशा माना फिरवल्या. कडाक्याचं भांडण झालेलं दिसतं."

त्याच दिवशी: "पंखांवर तपकिरी नक्षी, शेपटीच्या टोकाला काळा पट्टा. वेगळी प्रजाती? सगळे याला हाकलतात. बिचारा."

फेब्रुवारी: "पांढरा बगळा एक पाय सारखा थरथरवतोय. जखमी?" आणि त्याच्या शेजारी "पाटीच्या रंगाचा बगळा, हा कोण?"

प्रश्न दोन. एक, ते मान फिरवणं खरंच भांडण आहे का? दोन, नोंद ठेवताना आधी पिसारा लिहायचा की वागणूक? दोन्ही एकदम लिहायला गेलो की एक तरी निसटतंच. फोटो आहेत, पण दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेले. त्यात कुरव आणि प्लास्टिकची पिशवी यांत फरक करणं अवघड आहे.

---

खाजणकाठ

वही फाडू नका. 'लंगडा बगळा' प्रत्येकाच्या पहिल्या वहीत असतो.

मान फिरवण्याबद्दल: तुम्ही पाहिलंत ते भांडणाच्या बरोब्बर उलट आहे. काळ्या डोक्याच्या कुरवाचा तो गडद चेहरा म्हणजे धमकी देण्याचं साधन. खरोखर धमकवायचं असेल तेव्हा पक्षी अंग आडवं करतो, मान पुढे ताणतो आणि चेहरा सरळ समोरच्यावर रोखतो. दुसरी एक पद्धत म्हणजे मान उंच ताणून चोच खाली झुकवायची आणि पंखांचे सांधे अंगापासून किंचित सुटे करायचे, बाह्या सरसावल्यासारखे. आता जोडी जमवायची तर पंचाईत बघा. जवळ यायचंय, पण जवळ आलं की दोघांचेही मुखवटे एकमेकांच्या तोंडासमोर. म्हणून दोघंही एकाच वेळी झटक्यात चेहरा पलीकडे वळवतात आणि पांढरी मान दाखवतात. निको टिनबर्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुरवांच्या या हालचाली वर्षानुवर्षं वसाहतीत बसून टिपल्या. मान फिरवणं म्हणजे समोरच्याचा राग आणि भीती दोन्ही उतरवणं, असा अर्थ त्यांनी लावला. 1973 चं नोबेल त्यांना कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत मिळालं ते प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठीच.

त्यामुळे तुमच्या 'कडाक्याच्या भांडणा'चं बहुधा लग्न जमत होतं. त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात काय झालं ते लिहिलंय का? आधी लांबलचक ओरडणं आणि मान पुढे काढणं झालं असेल, तर शंकाच नको.

---

ओहोटीवाला

"आधी खूप आरडाओरडा" एवढंच लिहिलंय. आणि पुढे कंसात "डोकं दुखलं".

---

जुनी_दुर्बीण

पिसाऱ्याचं मी सांगतो.

पहिली गंमत, 'काळ्या डोक्याच्या' कुरवाचं डोकं काळं नसतंच, चॉकलेटी तपकिरी असतं. 'तपकिरी डोक्याच्या' कुरवाचंही तपकिरीच. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी. नावं ठेवणाऱ्यांनी आपला छळ करायचा असं आधीच ठरवलं असावं. तेव्हा डोकं सोडा, पंखाचं टोक बघा. उडताना पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर दिसली तर काळ्या डोक्याचा. टोक ठळक काळं आणि त्यात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा. हा अंगानेही थोराड, चोच जाड, आणि प्रौढाचा डोळा फिकट. तुमच्या थव्यात दोन्ही मिसळलेले असू शकतात, एकदा तपासा.

तुमचा 'बिचारा' बहुतेक गेल्या उन्हाळ्यात अंड्यातून निघालेलं पिल्लू आहे. शेपटीचा काळा पट्टा आणि पंखावरचा तपकिरी पट्टा ही पहिल्या वर्षाची खूण. लहान कुरवांना साधारण दोन वर्षांत प्रौढ पिसारा येतो, मोठ्या कुरवांना चार. तोवर दर हिवाळ्यात तो वेगळाच दिसतो आणि पुस्तकात त्याचं चित्र सापडत नाही.

आणखी एक. पिसांचा रंग दोन कारणांनी बदलतो, नवी पिसं येऊन किंवा जुनी झिजून. काळ्या रंगद्रव्यामुळे पीस चिवट होतं, पांढरा भाग लवकर झिजतो. म्हणून हंगामाच्या शेवटी काही कुरवांच्या पंखाच्या टोकांवरचे पांढरे ठिपके कुरतडल्यासारखे होतात किंवा नाहीसेच होतात. ते बघून मी एकदा 'नवीन प्रजाती' जाहीर केली होती. पुढचं विचारू नका.

---

रानभैरी

इतकं अवघड कशाला करताय? पक्ष्यांमध्ये रंगीत तो नर, फिकट ती मादी. टोपीवाले नर बिनटोपीच्या माद्यांना हाकलत असणार.

---

खाजणकाठ

नाही हो. कुरव, सुरय, बगळे, यांच्यात नर-मादी दिसायला सारखेच. टोपी दोघांनाही येते. आणि पाणथळीवर तर हा नियम अनेकदा चक्क उलटा असतो. कमळपक्ष्याची मादी नरापेक्षा मोठी, एका हंगामात अनेक नरांना अंडी देते आणि पिल्लं सांभाळतात ते नर. फॅलारोप आणि पेंटेड स्नाइप यांच्यात मादी जास्त रंगीत, अंडी उबवणारा नर फिका.

रंगावरून भूमिका ठरवायचीच हौस असेल तर रफ हा पाणथळीवरचा पक्षी बघा. विणीच्या हंगामात नराच्या गळ्याभोवती पिसांची झालर येते. गडद झालरवाले जागा धरून झुंजतात, ते सुमारे 84 टक्के. पांढऱ्या झालरवाले सुमारे 16 टक्के, ते जागा धरत नाहीत, गडद नराच्या अंगणातच वावरतात आणि संधी साधतात. तिसरा प्रकार शंभरात एखादा, त्याला झालरच नाही, हुबेहूब मादीसारखा दिसतो आणि गर्दीत बिनबोभाट शिरतो. हा तिसरा 2006 साली शास्त्रज्ञांनी नीट ओळखून मांडला. तोवर तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 'मादी' म्हणून फिरत होता! हे तिन्ही प्रकार जन्मतःच ठरतात, गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्यामुळे. हिवाळ्यात मात्र झालर गळते. मग खूण उरते ती आकाराची, नर मादीपेक्षा ठळक मोठा.

---

रानभैरी

बरं, मागे घेतो. त्या तिसऱ्या प्रकाराचं मात्र कौतुक वाटलं.

---

चिखलतुडवी

बगळ्यांचं राहिलंच की.

पाय थरथरवणारा जखमी नाही, शिकार करतोय. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळीधम्मक. एक पाय पुढे करून तो चिखल ढवळतो, लपलेले मासे-कोळंबी उसळतात आणि हा टिपतो. सलग बघितलंत तर तोच पाय टेकवून तो ऐटीत चालायला लागलेला दिसेल.

पाटीच्या रंगाचा म्हणजे समुद्री बगळा असावा. गळ्याशी पांढरा डाग होता का? याची गंमत अशी की एकाच प्रजातीत गडद आणि पांढरे असे दोन्ही रंग असतात. वयाशी, लिंगाशी, हंगामाशी त्याचा संबंध नाही. कधी कधी मधलाच, ठिगळं लावल्यासारखा पक्षीही दिसतो. म्हणजे त्याच्या शेजारचा पांढरा बगळा छोटा बगळाच होता, हेही गृहीत धरू नका. चोच बघा. छोट्या बगळ्याची बारीक, सरळ, काळी. समुद्री बगळ्याची जाडसर, पिवळट-तपकिरी, किंचित बाक असलेली.

आता विणीचा हंगाम जवळ आला की छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतील, पाठीवर जाळीदार तुरे येतील. डोळा आणि चोच यांच्यामधली उघडी कातडी जोडी जमवायच्या दिवसांत लालसर होते, बोटंसुद्धा. हा रंग थोडेच दिवस टिकतो, म्हणून दिसला की तारखेसकट लिहा. याच तुऱ्यांपायी एकोणिसाव्या शतकात बायकांच्या टोप्या सजवायला बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या गेल्या. त्याच्या विरोधात 1889 मध्ये एमिली विल्यमसन यांनी मँचेस्टरजवळ जी संस्था सुरू केली, तीच आजची ब्रिटनची पक्षीसंरक्षण संस्था. विषयांतर झालं, पण तुरा दिसला की मला ते आठवतंच.

---

ओहोटीवाला

सगळ्यांचे आभार. गळ्याशी पांढरा डाग होता! धूसर फोटोतही दिसतोय.

पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. आधी काय लिहू?

---

जुनी_दुर्बीण

आधी 'कोण', मग 'काय करतोय'. 'टोपीवाल्याने हाकललं' आणि 'प्रौढाने पहिल्या वर्षाच्या पक्ष्याला हाकललं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावरून तुम्ही स्वभाव ठरवलात. दुसऱ्यावरून निदान प्रश्न तरी विचारता येतो.

आणि स्वभावाची विशेषणं बंद. शांत, भांडकुदळ, बिचारा, सगळी. चोच कुठे होती, मान कशी होती, कोण सरकलं, कोण राहिलं, एवढंच लिहा.

---

खाजणकाठ

सहमत, फक्त एक भर. आपण नेहमी आवाज करणाऱ्याकडेच बघतो. चाळीस कुरव झोपलेत आणि दोन ओरडतायत, तर वहीत 'ओरडणारे कुरव' येतात. यावर उपाय जुनाच आहे. जीन ऑल्टमन यांनी बबून माकडांचा अभ्यास करताना या घोळाचा विचार केला आणि 1974 मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर लेख लिहिला. त्यातल्या दोन पद्धती आपल्याला पुरतात. दर दहा मिनिटांनी थव्यावरून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि मोजायचं, किती उभे, किती झोपलेले, किती पिसं साफ करतायत, किती खातायत. मधल्या वेळात एकच पक्षी धरून पाच मिनिटं सोडायचा नाही, तो काहीच करत नसला तरी. कुठला धरायचा हे आधी ठरवा, उदाहरणार्थ डावीकडून सातवा. नाहीतर परत तोच ओरडणारा धराल.

भरती-ओहोटीची वेळ प्रत्येक पानावर हवी. ओहोटीला पक्षी चिखलभर पांगून खातात, भरतीला उरलेल्या कोरड्या तुकड्यावर दाटीवाटीने उभे राहतात. मार्चमधला तुमचा भांडकुदळपणा निव्वळ गर्दीचाही असू शकतो.

---

चिखलतुडवी

आणि तुम्ही किती जवळ बसता? सगळ्या माना एकदम ताठ झाल्या, खाणं थांबलं, तर त्या क्षणी ते एकमेकांशी नाही, तुमच्याशी वागतायत. खुर्ची मागे घ्या. भरतीला विसावलेला थवा तर अजिबात उडवू नका, त्यांना टेकायला दुसरी जागा नसते.

एकेक पक्षी ओळखायचा असेल तर रंगीत कडी किंवा पायावरचे ध्वज शोधा. पक्ष्यांना क्रमांकाची धातूची कडी घालायची शिस्तशीर सुरुवात 1899 मध्ये डेन्मार्कमध्ये मोर्टेन्सन यांनी केली, आणि आज तुम्हाला दुर्बिणीतून वाचता येतील अशी रंगीत कडी किनाऱ्यावरच्या पुष्कळ पक्ष्यांच्या पायांत असतात. कडी नसली तरी गळालेलं एखादं मोठं पीस काही आठवडे ओळख पटवतं. टर्नस्टोन या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांच्या तर प्रत्येकाच्या चेहऱ्यावरची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, आणि ते स्वतःही एकमेकांना त्यावरून ओळखतात असं दिसून आलंय.

---

ओहोटीवाला

आज सकाळी जाऊन आलो. खुर्ची वीस पावलं मागे. नवी नोंद जशीच्या तशी:

"ओहोटी सुरू होऊन सव्वा तास. कुरव ३१. त्यात पूर्ण टोपी १९, अर्धवट ७, शेपटीला पट्टा ५. पंखाचं टोक तपासलं ते सगळे काळ्या डोक्याचे, चार तपासायचे राहिले. पहिली नजर: उभे १४, झोपलेले ९, पिसं साफ करणारे ६, खाणारे २. हाकलणं शून्य.

डावीकडून सातवा, पूर्ण टोपी. तीन मिनिटं काही नाही. चौथ्या मिनिटाला दुसरा पूर्ण टोपीवाला शेजारी उतरला. सातव्याने मान पुढे ताणून लांब ओरड दिली. दुसऱ्यानेही. मग दोघांनी एकाच वेळी चेहरे बाहेरच्या बाजूला वळवले, अंदाजे दोन सेकंद. कोणीही सरकलं नाही. नंतर दोघं शेजारीच उभे.

शेपटीला पट्टा असलेला एक: प्रौढ चालत आला, हा दोन पावलं बाजूला झाला. चोच लागली नाही."

पाच महिन्यांत पहिल्यांदा, वाचल्यावर डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतंय.

---

जुनी_दुर्बीण

झकास. पट्टेवाल्याच्या चोचीचा आणि पायांचा रंग? पहिल्या वर्षी दोन्ही फिकट नारिंगी असायला हवेत, चोचीचं टोक काळं.

---

ओहोटीवाला

चोच तशीच, टोक काळं. पाय चिखलात होते. "पाय दिसले नाहीत" असं लिहून ठेवलंय.

---

जुनी_दुर्बीण

हे वाक्य मला लिहायला सहा वर्षं लागली.