रिअल अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या कोर्ससाठी सरावाची गणितं कशी निवडावीत?

कोरा_कागद:
कोर्समध्ये सुप्रीमम (संचाचं सर्वांत लहान वरचं बंधन), क्रमिका, श्रेणी, सातत्य, विकलन आणि शेवटी रीमान इंटिग्रल आहे. सिद्धता वाचली की पटते, पण स्वतः लिहायला बसलं की पहिली ओळच सुचत नाही. सरावाला गणितं कुठून घ्यावीत? उत्तरं असलेली बरी की नसलेली? थेट रूडिनचं पाठ्यपुस्तक घ्यावं का?

शून्यसंच:
रूडिन आत्ता नको. तिथे दुसऱ्याच प्रकरणात मेट्रिक स्पेस (अंतर मोजता येणारे संच) आणि कॉम्पॅक्टनेस अशा अमूर्त कल्पना येतात, क्रमिका तिसऱ्यात. गणितं सुरेख आहेत, पण बरीचशी म्हणजे छोटी प्रमेयंच. अडलं तर नेमकं कुठे अडलं हेही कळत नाही.

लेबल (Lebl) यांचं 'बेसिक अ‍ॅनालिसिस' हे पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे, कोर्सच्या जोडीला ते पुरतं. भरपूर गणितं पूर्ण उत्तरांसह हवी असतील तर काचोर-नोवाक यांचे तीन खंड बघा: पहिल्यात वास्तव संख्या, क्रमिका आणि श्रेणी, दुसऱ्यात सातत्य व विकलन, तिसऱ्यात इंटिग्रल. त्यातली काही गणितं चांगलीच अवघड आहेत, क्रमाने सगळी सोडवायच्या फंदात पडू नका.

उत्तरं हवीतच. फक्त अर्धा तास कागदावर झटापट झाल्याशिवाय उघडायची नाहीत. उघडलं तर पहिल्या दोन ओळी वाचून मिटायचं. पूर्ण वाचावं लागलंच, तर दुसऱ्या दिवशी न बघता तीच सिद्धता पुन्हा लिहायची.

सुरुवात व्याख्येवरून करा. (२एन + १)/(३एन − १) ची सीमा २/३ आहे हे एपसिलॉन (कितीही लहान धन संख्या) घेऊन दाखवा. फरक ५/(९एन − ३) येतो. एन किमान १ असल्याने छेद ६एन पेक्षा लहान नाही, म्हणून एन हा ५/(६ एपसिलॉन) पेक्षा मोठा असला की काम झालं. अशी पाच-सहा पुरेत. वीस केलीत तर हात बसेल, डोकं नाही.

उलट_उदाहरण:
वरच्याशी सहमत, पण सर्वात चांगली गणितं प्रमेयांतूनच निघतात. प्रमेय घ्या, एक अट काढा आणि ते कोसळतं असं उदाहरण शोधा. एकात एक बसणाऱ्या बंद, बद्ध अंतरालांना सामाईक बिंदू असतो. 'बंद' काढा: (०, १/एन) घेतले तर सामाईक भाग रिकामा. 'बद्ध' काढा: [एन, ∞) घेतले तरी रिकामाच.

लागोपाठच्या पदांतलं अंतर शून्याकडे गेलं की क्रमिका कॉशी (म्हणजे पुढची सगळीच पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ), असं अनेकांना वाटतं. १ + १/२ + … + १/एन या बेरजा तपासा: २एन पदांची बेरीज वजा एन पदांची बेरीज कधीच १/२ च्या खाली जात नाही.

आणखी एक सापळा. पहिलं पद २, पुढचं पद = २ × आधीचं − १. सीमा 'एल' धरली तर एल = २एल − १, म्हणजे एल = १. पण पदं आहेत २, ३, ५, ९… सीमा आहे हे सिद्ध न करता समीकरण मांडलं की असं होतं.

कोरा_कागद:
करून बघितलं. क्ष² हे ३ पाशी संतत आहे: |क्ष² − ९| = |क्ष − ३| |क्ष + ३|, म्हणून डेल्टा (क्ष ३ च्या किती जवळ हवा ते अंतर) = एपसिलॉन / |क्ष + ३|. बरोबर ना?

शून्यसंच:
नाही. डेल्टा आधी ठरतो, क्ष नंतर येतो. तुमच्या डेल्टात क्ष घुसलाय. आधी |क्ष − ३| < १ असं बांधून घ्या. मग क्ष २ ते ४ मध्ये, |क्ष + ३| < ७, आणि डेल्टा = १ व एपसिलॉन/७ यांतला लहान. नुसता एपसिलॉन/७ का नाही? एपसिलॉन ७० घ्या. डेल्टा १०, क्ष = १२ चालतो, पण १४४ − ९ = १३५.

आता ३ च्या जागी कोणताही 'अ' ठेवून हेच करा. डेल्टा 'अ' वर अवलंबून राहील. हे अवलंबून राहणं टाळता येत नाही हे दाखवायला एन आणि एन + १/एन हे बिंदू घ्या: त्यांच्यातलं अंतर फक्त १/एन, पण वर्गांतला फरक २ + १/एन². एकसमान सातत्य (एकच डेल्टा सगळ्या बिंदूंना चालणं) इथे तुटतं. मग [०, ∞) वर वर्गमूळ घ्या. तिथे डेल्टा = एपसिलॉन² सगळीकडे चालतो; का, ते लिहून इथे टाका.