लठ्ठपणाविरुद्धचा उपक्रम सगळ्या शाखांत आत्ताच न्यावा का?

लोकमान्यनगरकर: इंदूरच्या एका शाळेत आठवी-नववीसाठी लठ्ठपणा टाळायचा उपक्रम वर्षभर चालला. मुलांना आवडला. आता संस्था तो सगळ्या शाखांत नेणार म्हणते. माझा विरोध उपक्रमाला नाही, घाईला आहे. वर्षभर आहारतज्ज्ञ बाई बाहेरून यायच्या, वर्गही त्याच घ्यायच्या. बाकीच्या शाखांत कोण घेणार? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या शाळांत ‘प्लॅनेट हेल्थ’ हा कार्यक्रम नेहमीच्या शिक्षकांनीच गणित-विज्ञानाच्या तासांत शिकवला. १९९९ मध्ये निकाल आला: मुलींमधला लठ्ठपणा घटला, मुलग्यांत फरक नाही. कुणाला लागू पडतं, हे आधी कळायला नको?

शेव_जास्त: तुमची तपासणी होईस्तोवर ही पोरं कॉलेजात जातील हो. शाळा सुटली की भंवरकुआंला कोचिंग, मध्ये समोसा आणि कोल्ड्रिंक. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना कशात किती साखर ते दाखवणारे फलक लावायला सांगितले, तेव्हा कुणी अडून बसलं नाही.

लोकमान्यनगरकर: फलक उद्याच लावा की! भिंतीवरच्या फलकाला पगार लागत नाही, वर्ग घ्यायला माणूस लागतो.

पीटीवाली ताई: माणूस आहे, तास नाही. सीबीएसईने नववी ते बारावीला रोज खेळाचा तास २०१८ मध्येच ठरवून दिला. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर येऊन म्हणतात, “ताई, आज वर्ग देता का?” आणि द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. आमच्याकडे प्रार्थनेच्या रांगेत होते तेवढीच.

नववीची आई: वजनाचं कुणी बोलतच नाहीये. मुलीच्या शाळेत काटा वर्गात मांडला आणि आकडा मोठ्यानं वाचला. तेव्हापासून डबा अर्धा परत येतो, आणि ती जाड नाहीच मुळी! २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं कृश निघाली, जादा वजनाची ५ टक्के. एकाच वर्गात दोन्ही बसतात. सगळ्यांना “कमी खा” सांगणारा उपक्रम मला नको.

शेव_जास्त: मान्य, काटा आडोशाला ठेवा. पण ५ टक्के देशाचे, खेडी धरून. इंग्रजी शाळेच्या गेटवर उभं राहून बघा. आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत तेल-साखर-मीठ जास्त असलेलं खाणं विकू नये, हा २०२० चा नियम आहे. कचोरीचा ठेला तरी गेटलाच टेकलेला. सगळ्या शाखा मिळून बोलल्या तरच तो हलेल, एकट्या शाळेला कोण विचारतो?

लोकमान्यनगरकर: ठेल्याचं पटलं. बाकीचं दोन शाखांत एक सहामाही करून बघू, आहारतज्ज्ञ बाईंशिवाय. किती तास खरंच झाले, एवढंच मोजायचं. वजन नाही.

शेव_जास्त: एक सहामाही ठीक. पुढची तारीख आत्ताच लिहून द्या, आपल्याकडे समिती बसली की उठत नाही.

पीटीवाली ताई: तारीख नंतर. तास कुणाचा कापणार, ते सांगा.