अनुभव धागा: सेनेगलमध्ये पावसाळ्यात शेतावरचं काम, जाणाऱ्या पोरांसाठी लिहा

गोदाकाठ
परभणीहून एक पोरगी सेनेगलला (पश्चिम आफ्रिका) बांबे भागात बाजरी-भुईमुगाच्या शेतांत मातीतला ओलावा मोजायचं काम करायला जायलीय, जुलै ते ऑक्टोबर. तिची सामानाची यादी वाचली अन् तिकडची रेताड शिवारं डोळ्यापुढं आली. यादीत टोपी, गॉगल, बूट, सगळं आहे. पण काम जिथं अडतं ते एकही नाही, म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट उन्हाची. "आपण मराठवाड्याचे, ऊन आपल्याला काय नवं" हे डोक्यातून काढा. आपला मे कोरडा असतो, घाम वाळतो अन् अंग थंड होतं. तिकडं पावसाळ्यात हवा दमट, घाम नुसता गळतो. शिवाय उन्हाची सवय महिनाभर सावलीत बसलं की जाते. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच करा, मग रोज २० टक्के वाढवा. सकाळी साडेसहा ते साडेदहा शेत, दुपारी मातीच्या नमुन्यांची वजनं अन् नोंदी. पाणी तहान लागायची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर. कुणी बरळायला लागलं, चालताना झोकांड्या गेल्या, तर आधी सावली, अंगावर पाणी, वारा, गाडी नंतर. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं धरून चालू नका.

काळीभुई
मातीचं मी सांगतो. काळ्या मातीचा ऑगर (भोक पाडून मातीचा नमुना काढायचं हत्यार) तिथं नेऊन उपयोग नाही. कोरडी वाळू वर काढताना गळून जाते अन् वरच्या थराची खालच्या थरात मिसळते. तोंड जवळजवळ बंद असलेला, वाळूसाठीचा ऑगर लागतो. काही जण भोकात पाणी ओतून माती चिकटवतात. पोत तपासायला ते चालेल, ओलाव्याच्या नमुन्याला अजिबात नाही.

अन् ओलावा मुळातच कमी. समजा १०० ग्रॅम कोरड्या मातीमागं ५ ग्रॅम पाणी आहे. पिशवी उन्हात राहिली अन् त्यातलं १ ग्रॅम उडालं, तर ५ चा आकडा ४ होतो. आपल्या काळ्या मातीत ३० चे २९ झाले तर कुणाला कळतही नाही, इथं सगळा निष्कर्ष फिरतो. म्हणून दुहेरी पिशवी, थर्माकोलचा डबा, वजन त्याच दिवशी, काटा ०.०१ ग्रॅमचा. पिशवीच्या आतून जे थेंब धरतात ते पुसायचे नाहीत, ते नमुन्याचंच पाणी आहे. मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवायचं.

हुरडा
गोळ्या कोणत्या घ्यायच्या हो? मलेरिया तिकडं लई असतो म्हणतात.

मन्याड
@हुरडा डॉक्टर ठरवतील तेच, पण डॉक्सीसायक्लीन दिली तर हे लक्षात ठेवा. १०० मिलिग्रॅम रोज, निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून, परत आल्यावरही ४ आठवडे. बरेच जण घरी आले की बंद करतात, अन् आजार नेमका तेव्हा निघतो. जेवणावर, भरपूर पाण्यासोबत घ्या अन् घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिका भाजते. दूध, लोहाची गोळी सोबत नको. या गोळीनं कातडी उन्हाला लवकर करपते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवाच. परत आल्यावर ताप आला तर सेनेगलहून आलोय हे डॉक्टरांना आधी सांगा.

पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी हवी, लस घेतल्यावर १० दिवस होईपर्यंत कार्ड लागू होत नाही. केंद्रं ठरावीक आहेत, तारीख लवकर घ्या. आता कार्ड जन्मभर चालतं (२०१६ पासून). कार्ड हरवलं तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. पासपोर्टलाच ठेवा.

हुरडा
धन्यवाद. पुतण्याला पाठवतो, तो केनियाला जायलाय. तिथंही हेच का?

मन्याड
गोळ्या-लसीचं बरंचसं तेच, पण भागाप्रमाणं बदलतं. नैरोबी उंचावर आहे, थंड. स्वेटर द्या त्याला.

दुधना
जीपीएस!! कुणीच लिहिलं नाही. सेनेगल पश्चिम रेखांशात, म्हणजे रेखांशाला वजा चिन्ह. बांबे साधारण १४.७, −१६.५. वजा टाकायचं राहिलं की सगळे बिंदू चाडमध्ये जाऊन पडतात. यूटीएम (जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) घेत असाल तर आपला मराठवाड्याचा झोन ४३, तिकडचा २८. उपकरणाची सेटिंग निघायच्या आधी बदला. पॉवर बँक हातातल्या सामानात, २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-तास, १०० पर्यंत चालते. अन् फोन उन्हात तापला की चार्जिंग आपोआप थांबतं, ओल्या फडक्यावर नका ठेवू, सावलीत ठेवा.

बालाघाटी
शाकाहारी असेल तर काय खायचं तिथं?

गोदाकाठ
@बालाघाटी भात अन् मासे हेच मुख्य जेवण. चवळी मिळते, शेंगदाण्याचा रस्साही, पण त्यात बहुतेक मटण किंवा मासा असतो, आधी विचारावं. एकाच मोठ्या परातीतून सगळे जेवतात, उजवा हात, आपल्या पुढ्यातलंच घ्यायचं. शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या, ज्वारीचं पीठ नको. दमट हवेत किडतं.

काळीभुई
टारफुला (पिकाच्या मुळांवर जगणारं तण) विसरू नका. आपल्याकडं ज्वारीत येतो तो पांढऱ्या फुलाचा, छोटा. तिकडं बाजरी-ज्वारीवर गुलाबी-जांभळ्या फुलाचा उंच टारफुला, ती जात भारतात नाही. एका झाडाला हजारो बिया, धुळीसारख्या बारीक, मातीत दहा वर्षांहून जास्त जिवंत राहतात. बुटाच्या खाचा, पँटची घडी, ऑगर, सगळं ब्रशनं घासून धुवा. परवान्याशिवाय बी किंवा माती खिशातून आणायची नाही, दाणा-दोन दाणेही नाही. माती तिथंच वाळवून तिथल्या प्रयोगशाळेत तपासा, इकडं आकडे आणा.

बालाघाटी
आमच्याकडं यंदा टारफुला बराच आहे. फुलायच्या आधी उपटायचा ना?

काळीभुई
हो, बी पडायच्या आधी. अन् त्या रानात एक-दोन हंगाम भुईमूग किंवा तीळ घ्या. त्यांच्या मुळांनी बी उगवतं पण चिकटायला जागा मिळत नाही, मरून जातं.

सातमाळी
शेतात मध्येच पांढऱ्या बाभळीसारखी मोठी झाडं दिसतील (फायदर्बिया). पावसाळ्यात पानं झडलेली असतात, वाळलं समजू नका, तो त्याचा स्वभाव आहे. त्याखालची माती सुपीक अन् पीकही जोमदार, म्हणून प्रत्येक नमुन्याशेजारी झाडापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहाच. नाहीतर दोन नमुन्यांतला फरक खताचा की झाडाचा, नंतर कळत नाही. शेतात शिरण्याआधी गावच्या प्रमुखाला भेटून काम सांगायचं, भोक कशाला पाडताय हे आधी समजलं पाहिजे.

हुरडा
पैशाचं?

सातमाळी
सीएफए फ्रँक. गावात १०,००० च्या नोटेची मोड मिळत नाही, बँकेतून ५०० अन् १००० च्याच मागा. वोलोफमध्ये (तिथली बोलीभाषा) किंमत सांगितली तर पाचनं गुणा. शंभर म्हणाले की ५०० फ्रँक. फ्रेंचमध्ये सांगितली तर गुणायचं नाही.

दुधना
घरी फोन करताना, तिकडं आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. इथं रात्रीचे नऊ म्हणजे तिथं दुपारचे साडेतीन. वजनं करायची वेळ तीच, आईला तसं सांगून ठेवा.