नाटकाच्या ऑनलाइन प्लॅनमध्ये (खुर्च्यांच्या नकाशात) ग्रुपसाठी रांगा आधीच अडवून ठेवाव्यात का?

कोथरूडचा प्रेक्षक
पुण्यातलं बालगंधर्व नाट्यगृह असो की यशवंतराव, रविवारच्या प्रयोगाचं बुकिंग उघडतं आणि पहिल्याच मिनिटाला मधल्या तीन-चार रांगा विकलेल्या दिसतात. त्या विकलेल्या नसतात. कुठल्यातरी मंडळासाठी, पतपेढीसाठी धरून ठेवलेल्या असतात. आपण मागे बसायचं आणि तिसरी घंटा झाली तरी पुढच्या खुर्च्या रिकाम्या बघायच्या. ग्रुपला सवलत जरूर द्या, प्रोमो कोड द्या, पण जागा धरू नका. ज्याने आधी पैसे भरले त्याची खुर्ची. तिकीट खिडकीवर पहाटे रांग लावणाऱ्यांना हाच न्याय होता.

सूत्रधार, ठाणे
खिडकीवरही ग्रुपच्या जागा प्लॅनवर पेन्सिलीने धरल्या जात, हे तुम्हाला दिसत नव्हतं एवढंच. आणि तुम्ही फक्त रविवारचं बोलताय. बुधवारच्या प्रयोगाचं काय? थिएटरचं भाडं, कलाकारांची नाइट (प्रयोगामागचं मानधन), सेटचा टेम्पो, पेपरची जाहिरात, हा खर्च पडदा उघडण्याआधीच ठरलेला असतो. तो ग्रुपशिवाय निघत नाही. 60 जणांच्या ज्येष्ठ नागरिक संघाला पैसे गोळा करायला आठवडा लागतो, त्यातले निम्मे रोख देतात. एका व्यवहारात मोजकीच तिकिटं निघतात. सचिवांचे सगळे व्यवहार होईपर्यंत संघ अर्ध्या थिएटरभर विखुरतो आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी बाल्कनीत. असा संघ पुन्हा येत नाही.

जुना रसिक
कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पडला की संध्याकाळपर्यंत सगळं शहर सवलतीत. पूर्ण दर देणारा मूर्ख ठरतो. कोडच बंद करा.

तिकीट यंत्रणेतली
कोड दोन प्रकारचे असतात आणि इथे त्यांची गल्लत होतेय. एक कोड दर कमी करतो, दुसरा धरलेल्या जागा उघडतो. ग्रुपसाठी दुसरा महत्त्वाचा. एफ ते एच रांगा संघाच्या नावे लावायच्या, कोड टाकला की तेवढ्याच खुर्च्या निवडता येतात आणि सवलतही तेवढ्यांनाच. कोड कितीदा चालेल याची मर्यादा खुर्च्यांइतकीच ठेवली, तर तो फुटला तरी 61वं तिकीट सवलतीत जात नाही. त्या 60 मध्ये बाहेरचं कुणी शिरू नये असं वाटत असेल तर प्रत्येक सभासदाला एकदाच चालणारा वेगळा कोड द्यावा लागतो. सचिव वैतागतात, पण पक्का उपाय तोच.

खरी चूक मुदतीत होते. उरलेल्या जागा सर्वांसाठी कधी खुल्या करायच्या, ही तारीख-वेळ यंत्रणेत टाकता येते. अनेक जण ती रिकामी सोडतात, मग प्रयोगाच्या दिवशी कुणीतरी हाताने सोडेल म्हणून वाट बघत राहायची. तुमच्या रिकाम्या खुर्च्या तिथून येतात. 72 तास आधी आपोआप सुटू द्या.

महिला मंडळाची सचिव
जागा धरल्याच पाहिजेत. आमच्या बायका एकत्र बसायलाच येतात. मुदतीला आमची ना नाही, हवं तर चौथाई रक्कम आगाऊ घ्या. माझा राग सवलतीवर आहे. 300 च्या तिकिटावर 10 टक्के म्हणजे 30 रुपये सुटतात आणि तिकिटामागे सुविधा शुल्क लागतं. नाटकाच्या 500 पर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, पण त्या शुल्कावर 18 टक्के आहे. हातात काय उरतं? ग्रुपच्या कोडमध्ये शुल्क माफ करा, नाहीतर आम्ही खिडकीवरच जाऊ.

कोथरूडचा प्रेक्षक
आगाऊ रक्कम घेणार असाल तर माझा निम्मा विरोध संपला. पण 72 तास कमी आहेत. रविवारी नाटकाला जायचं हे घरात आठवडाभर आधी ठरतं, गुरुवारी सुटलेल्या खुर्च्या आम्हाला काय कामाच्या? रविवारच्या प्रयोगाला मुदत पाच दिवस आधीची ठेवा. आणि धरलेली जागा विकलेल्या रंगात दाखवणं बंद करा. ती खोटी माहिती आहे.

सूत्रधार, ठाणे
पाच दिवस आधीपर्यंत संघाचे पैसे जमत नाहीत, हे परत सांगतो. वेगळा रंग दिला की लोक फोन करून त्याच खुर्च्या मागतात.

कोथरूडचा प्रेक्षक
मागू द्या. त्यांची नावं लिहून ठेवा आणि जागा सुटल्या की आधी त्यांना कळवा.